आकाराम पैलवान, नंबर अडतीस

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार

आज मी माझ्या आजेसासऱ्यांना मशीनमध्ये घातलं. अर्धे बाहेर आले आणि अडकले.

हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही. एमएस-सीआयटीच्या नोट्सची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. घरात हिला कुणी हात लावत नाही, आत सगळं इंग्रजी आहे असा समज आहे.

आजेसासरे म्हणजे त्यांचा फोटो. आकाराम पैलवान. माझे सासरे, म्हणजे पिराजीमामा, आईच्या पोटात होते तेव्हा आकाराम पैलवान कुस्त्यांच्या कंपनीबरोबर बोटीनं विलायतेला गेले ते परत आलेच नाहीत. मागे उरला हा एवढासा फोटो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. रंगीत, लंगोट लावलेला, मांडीवर हात. तोही खरं तर फोटो नाही. तिकडे साहेबाच्या सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं यायची, त्यातलं आहे. रजेवर आलेल्या कुणा शिपायानं ते आजेसासूबाईंना, बायडाबाईंना आणून दिलं, "तुझा मालक साहेबानं छापलाय बघ" म्हणून. खाली नाव होतं, ते झिजून पार गेलंय. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली त्याची चौकट असते. मामा रोज सकाळी तिघांसमोर हात जोडतात.

फेब्रुवारीत आमच्या तालमीला पंचाहत्तर वर्षं होतात. आकाराम पैलवानांचा दहा फुटी फ्लेक्स लावायचं ठरलंय, त्यासाठी हा फोटो चार जणांच्या हातातून जाणार. म्हटलं, आधी लॅमिनेशन करून घ्यावं. माझी दहावीची मार्कलिस्ट, रेशनकार्ड, सगळं आपण करतोच की. घरात कुणी नव्हतं, म्हणून न विचारता गेले. शहाणपणा नडला.

फोटो मागून खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. त्या जाडीनं रोलरमध्ये अडकला. दुकानवाल्या उजैरभाईंनी ओढून काढला तेव्हा छातीवर तीन घड्या, आणि तोंडाच्या जागी हा मोठा फुगा.

मामांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. लहानपणी यांनी (म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सूरजनं) चेंडू मारून चौकटीची काच फोडली होती, तर दोन दिवस इचलकरंजीला आत्याकडे लपून राहिले. तो पोटचा पोरगा. मी अकरा महिन्यांची सून. माझ्यावर मामा अजून एकदाही ओरडलेले नाहीत आणि मी रोज त्याचीच वाट बघत असते.

चौकट पदराखाली घेऊन उजैरभाईंच्या दुकानात परत चालले आहे.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

उजैरभाई आमच्या यांच्या शाळेतले. स्टँडजवळ झेरॉक्स, लॅमिनेशन आणि नेट कॅफे असं तिन्ही चालवतात. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेत, कारण मशीन त्यांचं.

उष्णतेनं पुठ्ठा सुटला आणि फोटोची मागची बाजू थोडी दिसली. इंग्रजीत छापलंय : पन्नासची माला, नंबर अडतीस. बाकीचा मजकूर पुठ्ठ्याबरोबर गेला. उजैरभाईंनी तेवढंच नेटवर घातलं आणि काय सांगू, एका लिलावाच्या साईटवर आकाराम पैलवान जसेच्या तसे समोर. तोच लंगोट, तीच मांडी. इंग्लंडात लोक ही कार्डं जमवतात म्हणे, आणि विकतात.

"बघा वहिनी, तुमचं आजोबा बाजारात हाईत," उजैरभाई म्हणाले. "दुसरं मागवू की. टेन्शन घेऊ नका."

मामा घरी यायच्या आत कालच त्या चित्राची रंगीत प्रिंट काढली, खालची पट्टी कापली आणि चौकटीत घालून भिंतीवर टांगली. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. देवानं काहीतरी बघूनच दिला असेल. देव मानत नाही आम्ही, पण सवयीनं लिहून गेले.

१६ नोव्हेंबर

मामा आज सकाळी चौकटीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मी चुलीशी, म्हणजे शेगडीशी, पाठ करून उभी. मग म्हणाले, "तात्या आज उजळल्यागत दिसतोय." मी म्हटलं, "काच पुसली मामा." दूध उतू गेलं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज नीट मोठं करून बघितलं, तर साईटवरच्या कार्डाखाली नावच दुसरं. नूर इलाही, सियालकोट.

"हे तर आमच्यातलं नाव हाय," उजैरभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. मग माऊस सोडून, "वहिनी, मी काय म्हणतो..."

मी त्यांना बोलूच दिलं नाही. छापताना चूक झाली असणार. वडगावच्या मतदार यादीत माझी आई तीन वर्षं पुरुष होती. फोटो सगळं सांगतोय, मग सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती छापखान्याचं काय घेऊन बसायचं? चूक लक्षात आल्यावर त्यांनी नाव सुधारून पुन्हा छापलं असेल, आणि आमच्याकडचं ते सुधारलेलं. म्हणजे आपल्याला तसंच शोधायला हवं. चुकीच्या नावाचं कार्ड घरात आणलं तर मामांना कळेलच की.

उजैरभाईंनी चहा मागवला.

२४ नोव्हेंबर

चार विकणाऱ्यांना इंग्रजीत पत्रं टाकली. नंबर अडतीस पाहिजे, पण आकाराम कांबळे, कोल्हापूर, असं बरोबर नाव असलेलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं लिहिलं, भारतात माल पाठवत नाही. चौथा म्हाताराबुवा असावा. त्यानं लिहिलंय, बाईसाहेब, मी चौतीस वर्षं हा धंदा करतो, नंबर अडतीस एकच आहे आणि तो नूर इलाही आहे, दुसरा कुणी नाही.

एक नंबरचा ठग. माल खपवायचा म्हणून काहीही सांगतात.

आत्यांनी (सासूबाई, मीनाबाई) मला वाटेत पकडलं. "रोज कुठं जातीस गं?" मी म्हटलं, कार्डाचं काम आहे. त्यांना वाटलं रेशनकार्ड. "माझं बी नाव बघ की, मीना हाय का मैना हाय," म्हणाल्या. खोटं बोलायला लागत नाही, लोक आपणच समजून घेतात.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटी चुकीच्या नावाचंच घ्यायचं ठरवलं. नाव चौकटीच्या पट्टीखाली झाकता येईल. उजैरभाईंचा मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो. तो त्याच्या क्रेडिट कार्डावरून पैसे भरणार, माल त्याच्या पत्त्यावर जाणार. माझे ब्लाउज शिवल्याचे पैसे उजैरभाईंकडे आधीच दिलेत.

लिलाव दुपारी सव्वातीनला संपणार होता. तीन वाजून तेरा मिनिटांपर्यंत सगळ्यात वरची बोली आमची. मी हात जोडून बसले होते. चौदाव्या मिनिटाला लाईट गेली.

भारनियमन रोज दोन ते तीन असतं, आज वेळ बदलली, आणि ते पेपरात आलं होतं म्हणे. लाईट आली तेव्हा कुणा फलाण्यानं शेवटच्या क्षणाला वरचढ बोली लावून कार्ड नेलेलं. मला अंधारातच रडू आलं होतं, ते तसंच पुढे चालू ठेवलं.

६ डिसेंबर

मामा काल चैत्यभूमीला गेलेत, उद्या येतील. आज घरात आवाज नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले आणि मग त्याचंच वाईट वाटलं.

चौकटीतल्या कागदाला ओल लागून कोपरा उचललाय. काच काढून खळ लावली.

२ जानेवारी २००६, सोमवार

कार्ड आलं. म्हणजे कागद आला.

डिसेंबरात दुसऱ्या एका विकणाऱ्याकडून लगेच मिळणारं घेतलं होतं. तो भारतात पाठवायला तयार झाला, तिथंच ओळखायला हवं होतं. त्यानं 'रीप्रिंट' असं लिहिलं होतं. मला वाटलं, दुसरी आवृत्ती, म्हणजे चांगलीच. पुस्तकांवर तसं लिहितात ना? पाकीट फोडलं तर गुळगुळीत चकचकीत कार्ड, लग्नपत्रिकेसारखा नवा वास. आजचा छापलेला. यापेक्षा माझी प्रिंट जुनी दिसते. तक्रार केली तर उत्तर आलं की स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिलं होतं, खरंच.

५ जानेवारी

तालमीचे अध्यक्ष हंबीरराव आले होते. फोटो आजच न्यायचा म्हणाले, फ्लेक्सवाल्याला मोठा करायला वेळ लागतो. त्यांचा हात चौकटीकडे गेला आणि माझ्या हातातला ताट-वाटीचा ढीग खाली आला.

"हात लावायचा न्हाय," मामा ओरडले. सबंध घर हललं. मग खालच्या आवाजात, "मी सवता आणून देतो. तीस तारखेच्या आत. आणि त्याला कुणी शिवायचं न्हाय, घरातल्यानं बी न्हाय."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून म्हणाले. मी वाट्या गोळा करत होते. त्यांना काहीतरी संशय आहे. वडगावला निघून जावं असं तीनदा वाटलं. आई विचारेल का आलीस, तर काय सांगू, सासऱ्याचा बाप जाळला म्हणून?

९ जानेवारी, सोमवार

आज भीतीनं नुसतं पाणी झालं माझं. दुपारी मी तांदूळ निवडत होते. मामा येऊन समोर पाटावर बसले. ते माझ्यासमोर कधी बसत नाहीत.

"पोरी, त्या उजैरच्या दुकानात इंग्लंडातलं सगळं दिसतं म्हणं?"

"दिसतं मामा."

"जुनं बी?"

"जुनं पण."

"नावं बी दिसत्यात?"

मी म्हटलं, कसली नावं? ते बराच वेळ माझ्या सुपाकडे बघत बसले. कपाळावर घाम होता, आणि जानेवारीत. मग "काय न्हाय, इचारलं आपलं" म्हणून उठले. पायरी उतरताना भिंतीला धरलं.

तब्येत बरी नसावी. त्यात हे माझं प्रकरण कळलं तर त्यांना काहीतरी व्हायचं. आता ती दुसरीच भीती.

१२ जानेवारी

मिळालं. त्याच म्हाताऱ्या चौतीस वर्षंवाल्याकडून. मी पुन्हा पत्र टाकलं, सगळं खरं लिहिलं : लॅमिनेशन, फुगा, सासरे. त्यानं लिलावातून कार्ड काढून घेतलं आणि कमी किमतीत दिलं. सोबत दोन ओळी : त्याच्या बायकोनं एकदा त्याचा अख्खा अल्बम पाण्यात भिजवला होता आणि ते अजून एकत्र राहतात. त्याला ठग म्हटलं ते मागे घेते. नावाच्या बाबतीत मात्र तो चुकतोच आहे.

उजैरभाईंचा मावसभाऊ लग्नाला कोल्हापुरात येतोय, सव्वीसला. तोच घेऊन येणार.

२७ जानेवारी, शुक्रवार

कार्ड माझ्या हातात आहे. खरं, जुनं, कडा पिवळ्या. बघून जीव निवला. मग उलटं केलं.

आमच्या कार्डाची मागची बाजू आम्ही कधी पूर्ण बघितलीच नव्हती. इथं सगळं लिहिलंय. नूर इलाही. जन्म सियालकोट. बाप आणि आजा दोघेही पैलवान. वजन सतरा स्टोन, म्हणजे शंभर किलोच्या वर. लाहोरच्या आखाड्यात आठ वर्षं अजिंक्य. लंडनला कुठल्या साली आला, कुणाला किती मिनिटांत चीत केलं. शेवटी, हल्ली गावी म्हशी पाळतो.

नाव चुकू शकतं. म्हशी कशा चुकतील?

मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिले. उजैरभाई म्हणाले, "वहिनी, मला पयल्याच दिवशी कळलंतं. तुमास्नी कसं सांगायचं?"

सत्तर वर्षं आम्ही ज्याला हात जोडतो तो आमचा कुणीच नाही. मामांनी बाप म्हणून दुसरं तोंड बघितलेलंच नाही. आणि आता दहा फुटी फ्लेक्स. मी जळकं कार्ड दिलं तरी मेले आणि हे दिलं तर मामा. ज्याच्यासाठी अडीच महिने तडफडले, ते हातात आल्यावर चुलीत घालावंसं वाटतंय.

२९ जानेवारी, रविवार

जमेल तसं, झालं तसं लिहिते.

आत्या आणि हे बाजाराला गेले. मी ठरवलं होतं, जळकं कार्ड द्यायचं, पाय धरायचे, नव्याचं नावच काढायचं नाही. दोन्ही पदरात होती. मामा आत आले, दार लोटलं. मला वाटलं, आला तो क्षण.

"मामा, माझ्याकडून फोटो जळला," मी म्हणाले, आणि त्याच वेळी ते म्हणाले, "पोरी, नाव कळलं न्हवं तुला?"

दोघंही थांबलो. मग त्यांनी हात जोडले. मला. एवढा मोठा माणूस.

"कुणाला सांगू नगंस. सूरजला बी न्हाय. पाया पडतो तुझ्या."

प्रिंट लावल्यावर दोनच दिवसांत त्यांना कळलं होतं. नावाची पट्टी कापलेली होती ना. "मी घासल्याली जागा मला ठावं न्हाय व्हय?" म्हणाले. फोटो जळल्याचं त्यांना काहीच नव्हतं. अडीच महिने ते एवढ्यासाठीच घाबरलेले, की ही पोरगी इंग्रजी शिकलेली आहे, ही त्या मशीनवर नाव वाचणार.

पाचवीत असताना गुरुजींनी इंग्रजी अक्षरं शिकवली. बापाचं नाव आपण वाचायचं म्हणून मामा शाळेतून पळत घरी आले. एकेक अक्षर लावलं. बायडाबाई तेव्हा त्याच फोटोला दिवा लावत होत्या. "आईला हाक मारली आणि तोंड मिटलं," मामा म्हणाले. "ती गेल्यावर घासलं न्हाय, तवाच घासलं. थुकी लावून, ह्या आंगठ्यानं. मागचं वाचता येत न्हवतं, म्हणून खळ लावून चिकटवून टाकलं."

"आजींना कधीच कळलं नाही?"

"कशानं कळंल? तिला कुठं वाचाय येत हुतं. तेवढं म्हणायची, नाक जरा येगळं आलंय छापताना."

मी दोन्ही कार्डं पुढे ठेवली. जळकं त्यांनी उचललं, त्या फुग्यावरून बोट फिरवलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. "ह्याला आईचा हात लागलाय." नवं माझ्याकडे सरकवलं. त्यावर अंगठा टेकवून बघितला होता त्यांनी, पण हात स्थिर राहत नव्हता.

"तू घास."

मी मैद्याची खळ शिजवली. खोडरबरानं आधी सियालकोट गेलं, मग इलाही. नूर जायला वेळ लागला. मामा दाराशी उभे राहून बाहेर बघत होते, कुणी येतंय का म्हणून.

५ फेब्रुवारी, रविवार

फ्लेक्स लागला. आकाराम पैलवान दहा फूट. खाली हंबीररावांनी मोठ्या अक्षरात नाव घातलंय. लोकांनी हार घातले, पोरांनी पायाची माती कपाळाला लावली. मामांना फेटा बांधला तेव्हा ते रडले, आणि सगळ्यांना वाटलं ते ज्यासाठी रडावं त्यासाठीच रडले.

मी बायकांत बसले होते. उजैरभाई समोर मोबाईल घेऊन फ्लेक्सचा फोटो काढत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. मग बघितलं तर तसले मोबाईल आणखी तिघांकडे होते. उजैरभाई कुणाला बोलणार नाहीत. पण नेट कॅफे आता प्रत्येक गल्लीत आहे.

संध्याकाळी मामा फेटा न काढताच स्वयंपाकघरात आले. आत्या बाहेर पाहुण्यांत होत्या.

"पोरी, असली कार्डं जगात किती असतील?"

"लई असतील मामा. शेकड्यानं."

"समद्यावर नाव हाय?"

"आहे."

ते बोटांची पेरं मोजत राहिले. हिशेब घालत असावेत. मग माझ्या जवळ आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात बोलले.

"मग समदी मागव."

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तीन सापडली. दोन इंग्लंडात, एक कॅनडात. तिन्हींवर बोली लावली.